दोघांच्या वजनाचा शॉकअप

"काय वाहतोस?"

सायकल घेऊन कोणीही त्याच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न हाच. नाव नाही, गाव नाही, काय बिघडलंय तेही नाही. हातातलं काम न सोडता, मान वर न करता, "काय वाहतोस?" आणि उत्तर ऐकताना तो माणसाच्या तोंडाकडे बघायचा नाही, सायकलच्या कॅरिअरकडे बघायचा. माणूस खोटं बोलतो, कॅरिअर बोलत नाही, असं त्याचं म्हणणं.

जव्हारच्या एस.टी. डेपोपासून थोडं खाली त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, चार वासे आणि वर पत्रे. पुढे पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं, त्यात येणारीजाणारी शेळी तोंड घालायची. शिरपामाळ बघायला आलेले पाहुणे त्याच्याकडून तासावर सायकली घ्यायचे आणि परत येताना बहुतेक हातात धरून आणायचे. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. नाव होतं त्याला, पण ते फक्त त्याची बायको आणि रेशनकार्ड वापरत. मीही मिस्त्रीच म्हणतो.

तुम्हीही असा एखादा पाहिला असेल, तुमच्या टायरकडे बघून तुमच्या घरात काय शिजतं ते सांगणारा.

एकदा एक तरुण गुरुजी आले. पाड्यावरच्या शाळेत नवीनच लागलेले, पांढरा शर्ट, केसाला तेल. मागचं चाक जाम झालेलं.

"काय वाहता, गुरुजी?"

"काही नाही. एकटाच असतो मी."

मिस्त्रीने चाक काढलं. फ्रीव्हीलमध्ये चिमटा घातला आणि एक हिरवा धागा ओढायला लागला. धागा संपेचना. हातभर झाला, दोन हात झाला, शेवटी जरीचा एक तुकडा बाहेर आला. तिथे बसलेले आम्ही चार-पाच जण आधी गप्प, मग एकेकाला खोकला लागला.

"गुरुजी," मिस्त्री म्हणाला, "एकटे असता तेव्हा साडी हिरवीच नेसता, का दुसरा रंग पण आहे?"

गुरुजी कानापर्यंत लाल. पण मिस्त्रीने चाक परत बसवताना बाजूला जाळी लावून दिली, पदर अडकू नये म्हणून. विचारलं नाही, सांगितलंही नाही. उन्हाळ्यात गुरुजींच्या लग्नाची पहिली पत्रिका मिस्त्रीच्या पत्र्याला लटकत होती.

मी तेव्हा रस्त्यावर मैलकुली होतो. म्हणजे ठरवून दिलेल्या तुकड्यावर खडी-माती टाकायची, गटार उपसायचं, गवत कापायचं, खड्डे बुजवायचे. मी दिसलो की मिस्त्री ओरडायचा, "या खड्डेवाले! तुमच्या मेहेरबानीने माझी चूल पेटते."

मी म्हणायचो, "मी बुजवलेला खड्डा पावसाळ्यापर्यंत तरी टिकतो. तुमचं पंक्चर डेपोपर्यंत टिकत नाही."

"म्हणून तर म्हणतो, आपली भागीदारी आहे. दोघांनी चांगलं काम केलं तर दोघं उपाशी."

आता खरं सांगतो. माझी बायको गेल्या थंडीत गेली. तिच्याबद्दल लिहायला बसलो की पेन जिथल्या तिथे राहतं, म्हणून मिस्त्रीबद्दल लिहायला घेतलं. पण त्याच्याबद्दल लिहायचं तर ती मध्ये येणारच. ती कधी कोणाला विचारून मध्ये आली नाही.

तिचं माहेर मोखाड्याच्या बाजूला, फाट्यावरून आत अडीच कोस. फाट्यापर्यंत एस.टी., पुढे आपले पाय किंवा सायकल. तिची आई तिथे. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हातारीला. दिवाळी झाली की मुलगा-सून वीटभट्टीवर मजुरी करून जगायला जात, ते होळीला परत. तेवढे महिने म्हातारी एकटी. शेजारीण भाकरी देई, पाणी भरून ठेवी, पण अंघोळ घालायला, डोकं धुवायला, चार शब्द बोलायला लेकच लागे. दर मंगळवारी माझी बायको जायची. म्हातारीला आमच्याकडे आणायला मी तीनदा गेलो. तीनदा तिने एकच सांगितलं, "जावयाच्या दारात मरायची नाय मी. तू आपली खडी टाक जा."

मग एका वर्षी आवणीच्या, म्हणजे भात लावायच्या दिवसांत बायको बांधावरून घसरली आणि कंबरेवर बसली. हाड मोडलं नाही, पण कंबर गेली ती गेलीच. घरात हिंडायची, पण उतार उतरणं जमेना. दिवाळी झाली. मेव्हणा आणि त्याची बायको भट्टीवर गेले.

माझ्या जुन्या काळ्या सायकलवर एकदा तिला मागे बसवून निघालो. फाट्यापुढे शंभर पावलं गेलो नसेन तर मागून आवाज.

"थांब."

थांबलो. ती उतरली, वाकता येत नव्हतं तरी वाकली, रस्त्यातला दगड उचलून माझ्या हातात दिला.

"हा तू टाकलेला?"

"हा माझा तुकडा नाय."

"पण धंदा तुझाच ना?" असं म्हणून कंबरेवर हात ठेवून ती परत फाट्याकडे चालू लागली.

त्या आठवड्यात म्हातारीकडे कोणी गेलं नाही. पुढच्या मंगळवारी मी एकटा गेलो. शेजारणीने दिलेली भाकरी तिच्या उशाशी तशीच, वाळून पापड झालेली. मी म्हटलं, "खाल्ली का नाय?" म्हणाली, "पोर येईल तेव्हा खाईन."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, आई जेवली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चुलीत लाकूड असं ढकललं की राख बाहेर आली.

त्याच सुमाराला आमच्या ठेकेदाराच्या मुलाने मोटरसायकल घेतली, आणि त्याची गिअरची सायकल खडीच्या ढिगाजवळ पडून राहिली. जाड टायर, वाकडीतिकडी फ्रेम, आणि सीटच्या खाली मधोमध एक स्प्रिंगचा शॉकअप. मोटरसायकलला मागे असतो तसाच, पण एकटा आणि लहान. ठेकेदार म्हणाला, "घेऊन जा. शॉकअप मेलाय तिचा."

मी ती थेट मिस्त्रीकडे नेली. अख्ख्या जव्हारात मागे शॉकअप असलेली दुसरी सायकल तेव्हा नव्हती. त्याने सीटवर हात ठेवून जोर दिला. शॉकअप दबला आणि दबूनच राहिला.

"खल्लास," मिस्त्री म्हणाला. "सासरी आलेल्या जावयासारखा बसलाय. उठायचं नाव नाही. काय वाहणार यावर?"

"बायको."

"कुठे?"

मी सगळं सांगितलं. कंबर, म्हातारी, ती वाळलेली भाकरी. मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. एवढ्या वर्षांत तो पाना खाली ठेवून कोणाचं ऐकताना मी पाहिला नव्हता.

"तिच्या कंपनीचा शॉकअप इकडे मिळायचा नाही," तो म्हणाला. "दुसऱ्याचा आणून बसवावा लागेल. आणि दुसऱ्याच्या घरचा आणायचा म्हणजे सोयरीक आहे. उंची बघा, ताकद बघा, स्वभाव बघा."

"मोठ्यात मोठी, जाड स्प्रिंग आणा. मजबूत."

"मजबूत? मग लाकडाचा ओंडका घालतो मध्ये. कधी तुटणार नाही. हलणार पण नाही. वहिनींना तोच धक्का बसेल, फक्त सायकल महागाची."

मग त्याने सुतळी घेतली. शॉकअपच्या दोन्ही टोकांना भोकं असतात, त्यातून बोल्ट जातो. या भोकाच्या मधापासून त्या भोकाच्या मधापर्यंत सुतळी ताणून गाठ मारली. म्हणाला, "ही लांबी चुकली तर भानगड. लांब बसला तर सायकल गाढवासारखी मागून उठते. आखूड बसला तर कुत्र्यासारखी टेकते." दांडा आत किती जातो त्याची दुसरी गाठ. मग बोल्टची जाडी बघितली, फ्रेमच्या दोन कानांमधली जागा बघितली.

"आता स्प्रिंग. तुझं वजन बोल."

मी अंदाजाने सांगितलं.

"वहिनींचं?"

"ते मला काय माहीत?"

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"पंचवीस तरी."

"पंचवीस वर्षं एका ताटात जेवतोस आणि वजन माहीत नाही? खडीचा ट्रक किती टनाचा ते विचारलं तर झोपेतून उठून सांगशील."

मी घरी जाऊन बायकोला विचारलं. म्हटलं, बाजाराच्या दिवशी भाताच्या व्यापाऱ्याकडे मोठा काटा आहे, त्यावर दोन मिनिटं उभी राहा. तिने असं बघितलं की मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

"चार माणसांत मला काट्यावर चढवतोस? मी काय भाताचं पोतं हाय? आणि तो मिस्त्री आकडा साऱ्या जव्हारला सांगंल."

हेही खरंच होतं. मिस्त्रीच्या पोटात पंक्चरचं सोल्युशनसुद्धा राहिलं नसतं.

पण बाजाराच्या दिवशी ती आली. एस.टी.ने, कंबरेला ओढणी घट्ट बांधून. मिस्त्री दुकान उघडं टाकून व्यापाऱ्याकडे हजर. तिला बघून त्याने लांबूनच हात जोडले.

"वहिनी, तुमचं वजन मला नको."

"मग कशाला बोलावलं?"

"तुम्ही दोघं एकदम चढा. आकडा एकच निघेल. त्यात कोणाचं किती, ते काट्याला पण कळणार नाही, मला पण नाही. स्प्रिंगला काय, दोघं मिळून किती तेवढंच पाहिजे."

बायकोने विचार केला. तिला यात कुठे फसवणूक सापडेना, त्याचाच तिला राग आला. मग पदर खोचून ती काट्यावर चढली आणि मी तिच्या मागून. काट्याची फळी लहान. दोघांना उभं राहायचं तर एकमेकांना धरावं लागलं. भर बाजारात, वरईच्या आणि सुक्या मासळीच्या पाट्यांसमोर, मी माझ्या बायकोला धरून उभा. लग्नातसुद्धा एवढं जवळ कोणी उभं केलं नव्हतं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "घ्या, दोघांना विकाया काढलं."

व्यापाऱ्याने काट्याची दांडी सरकवली आणि आकडा सांगितला, "एकशे एक!"

"आहेराचा आकडा निघाला!" मिस्त्री ओरडला. "वहिनी, मोडायचा नाही आता. आजपासून दोघांनी मोजून जेवायचं."

"यातले साठ ह्याचे हायत," बायकोने तिथेच सगळ्यांना सांगून टाकलं.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री स्वतः नाशिकला गेला. मेलेला शॉकअप फडक्यात गुंडाळला, सुतळी खिशात. कंडक्टरने विचारलं, काय आहे? म्हणाला, "मयत आहे, वारसदार बघायला चाललोय." दुकानदाराशी काय बोलला देव जाणे, पण दोन शॉकअप घेऊन आला, एक पसंत करून दुसरा परत द्यायच्या बोलीवर.

एक सोनेरी, चकचकीत, आत तेल भरलेला, वर एक निळी घुंडी. घुंडी फिरवली की मऊ, उलटी फिरवली की कडक. दुसरा साधा काळा, लाल स्प्रिंगचा, खाली एक चकती. मी सोनेरी उचलला. तुम्हीही तोच उचलला असता.

"ठेव खाली," मिस्त्री म्हणाला. "देखणा आहे, कबूल. पण याचं तेल गळलं की इथे भरणार कोण? तू डांबर भरशील? याची स्प्रिंग पण सुटी होत नाही. त्या काळ्याची बघ, चकती सैल केली की स्प्रिंग हातात येते. उद्या मऊ पाहिजे, कडक पाहिजे, बदलता येते. माणसाचं वजन काय एकसारखं राहतं?"

काळा बसवला. आता तपासायचं कसं? कॅरिअर अजून वेल्डरकडे होता. मिस्त्रीने दांड्यावर खडूने चार भाग पाडले. म्हणाला, "दोघं नुसते बसले की एक भाग दबला पाहिजे. तो तुमचा वाटा. उरलेले तीन वाटे खड्ड्यांचे. तुमचा वाटा जास्त झाला तर खड्ड्यांना काही उरत नाही, मग ठोकर लागते. कमी झाला तर स्प्रिंग कामच करत नाही." मला सीटवर बसवलं आणि बायकोच्या ऐवजी माझ्या मांडीवर भाताचं पोतं दिलं. खडूची एक रेघ बरोबर आत गेली.

बायको दुकानाच्या दगडावर बसून बघत होती. म्हणाली, "पोतंच ने तू आईकडं. बोलत पण नाय, वजनाला पण लाजत नाय."

दुसऱ्या दिवशी कॅरिअर लागला आणि मंगळवारी आम्ही निघालो.

काय सांगू! मी राजासारखा चालवत होतो. जन्मभर काळ्या सायकलवर हाडं खिळखिळी केलेली, आणि इथे खड्डा आला की खालून कोणीतरी हात दिल्यासारखं. मी मागे न बघता विचारलं, "कसं वाटतं?"

"बरं हाय."

"धक्का?"

"नाय."

म्हातारीकडे पोचलो. लेकीचा आवाज ऐकून म्हातारी उठून बसली आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी परत येऊन मिस्त्रीला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. त्याने ते गिऱ्हाइकांना आणखी लावून सांगितलं. चार मंगळवार असे गेले.

पाचव्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी दुकानासमोर मिस्त्रीने तिला गाठलं. "वहिनी, शॉकअप कसा आहे?"

"लई बरा हाय, भाऊ."

ती गेल्यावर मिस्त्री मला म्हणाला, "वहिनी बसल्या का नाहीत माझ्या दगडावर? मागच्या वेळी बसल्या होत्या. आज उभ्याच राहिल्या."

"घाई असेल."

"खड्डेवाले, चल. मला बसव मागे."

मी त्याला मागे बसवलं आणि डेपोवरून खालच्या कच्च्या रस्त्याला घातली. पहिल्या खड्ड्याला तो "या अल्ला" म्हणाला. दुसऱ्या खड्ड्याला मला शिवी. तिसऱ्याला माझ्या आजोबांपर्यंत पोचला. मी म्हटलं, "मला तर काही लागत नाही."

"थांबव, गधड्या!"

तो उतरला आणि सायकलच्या बाजूला उकिडवा बसला. बराच वेळ बघत राहिला. मग कपाळावर हात मारला, आणि काळं बोट कपाळावर उमटलं तरी त्याला भान नाही.

गोष्ट साधी होती. कॅरिअरचे पाय त्याने मागच्या चाकाच्या बोल्टला लावले होते. जव्हारातल्या सगळ्या सायकलींचे तिथेच लागतात, त्याचे हात आपोआप तिथे गेले. पण या सायकलीचा मागचा भाग सुटा. तो चाकाबरोबर उडतो, आणि त्याचा धक्का शॉकअप पुढे जाऊ देत नाही. मी शॉकअपच्या या बाजूला, बायको त्या बाजूला. दोघांचं वजन करून आणलेल्या स्प्रिंगवर मी एकटाच बसलो होतो. रस्त्याचा एकही धक्का तिला कमी बसला नव्हता. उलट, मी खुशीत जोरात चालवत होतो.

"पोतं मांडीवर दिलं," मिस्त्री म्हणाला. "पोतं कॅरिअरवर ठेवायला पाहिजे होतं. पोत्याने सांगितलं असतं. त्या नाही बोलल्या."

मी घरी आलो. ती नागलीची भाकरी थापत होती. म्हटलं, "चार मंगळवार तुला धक्के बसले. बोलली का नाही?"

"काय बोलू? तुम्ही दोघं लहान पोरांसारखं नाचत होता."

"कंबर दुखली नाय?"

"दुखली. पण आईकडं पोचत होते ना? बोलले असते तर परत तीच काळी सायकल. मग तू एकटा जाणार, आणि येऊन मला खोटं सांगणार, आई जेवली म्हणून."

तव्यावरची भाकरी मी उलटली, ती पण चुकीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आमच्या पाड्यावर. दुकान बंद करून, भाड्याच्या सायकलला दोन लोखंडी पाइप बांधून. बायको दारात आली तर तिच्याकडे बघायला तयार नाही.

"वहिनी, मला दोन शिव्या द्या, म्हणजे कामाला हात लागेल."

"चहा घ्या आधी. शिव्या मग देते."

"नाही, आधी शिव्या."

तिने दिल्या. चांगल्या दिल्या. दोनवर थांबली नाही. मिस्त्री मान डोलवत होता, गाणं ऐकावं तसा. मग बसला कामाला. पाइप माप घेऊन कापले. कॅरिअर चाकापासून सोडवला आणि सीटच्या नळीला आणि पुढच्या फ्रेमला धरून मागे काढला, चाकाच्या वर, चाकाला कुठेही न शिवता. पाइप वाकतील म्हणून खालून तिरका टेकू दिला. पाय ठेवायला दोन दांड्या. वेल्डिंगला मला जव्हारला पळवलं. परत आल्यावर बायकोला खरंच मागे बसवलं, मला पुढे, आणि स्वतः जमिनीवर झोपून खडूच्या रेघा बघितल्या. दीड वाटा दबत होता.

"मागे लोंबकळतं ना वजन, म्हणून जास्त," तो खालूनच बोलला, आणि चकती फिरवायला लागला. एक आटा. दोन आटे. "आता उठा. आता बसा. वहिनी, श्वास रोखू नका, वजन तेवढंच राहतं."

मंगळवारी तोही आला. आपल्या भाड्याच्या सायकलवर, आमच्या मागे. सांगायचं कारण, स्प्रिंग बघायला. आमच्या मागून त्याचा आवाज चालूच. "हळू! डावीकडून घे! खड्डा बुजवणाऱ्याला खड्डा दिसत नाही का?"

फाट्यापुढे एक मोरी आहे. तिच्या अलीकडे असा खड्डा की बैलगाडीचं चाकसुद्धा विचार करून उतरायचं. मी ब्रेक दाबत उतरवली, सायकल खाली गेली, वर आली. थोडं पुढे गेल्यावर बायको म्हणाली, "मोरी कधी येणार?"

"गेली."

"गेली?"

"गेली."

माझ्या पाठीवर तिने हात ठेवला होता, तो घट्ट धरलेला नव्हता, नुसता ठेवलेला होता. मागे मिस्त्रीचा आवाजही बंद. वळून बघितलं तर तो सायकल थांबवून आपल्या चेनशी काहीतरी करत होता. चेन उतरलेली नव्हती. मी पाहिलं.

म्हातारी त्यानंतर दोन दिवाळ्या जगली. त्या दोन्ही वर्षी दिवाळीनंतर एक मंगळवार चुकला नाही. दुसऱ्या वर्षी माघात गेली. भर दुपारी, लेकीने डोकं धुऊन केस वाळवायला उन्हात बसवली होती, तिथेच, तिच्याच मांडीला टेकून. जावयाच्या दारात मेली नाही. बायको नंतर कितीदा म्हणाली, "मी होते तिथं." तेवढंच म्हणायची. मिस्त्रीला सांगितलं तेव्हा त्याने गिऱ्हाइकाची सायकल उलटी केली आणि न फिरवायचं चाक उगीच फिरवत बसला.

पुढे पाड्यापाड्यावर मोटरसायकली आल्या. पंक्चर मोठी झाली, मिस्त्रीचं दुकान लहान झालं. त्याचा मुलगा भिवंडीला कामाला होता, तो येऊन त्याला घेऊन गेला. जाताना मिस्त्री म्हणाला, "तिकडे रस्ते इथल्यापेक्षा खराब आहेत म्हणतात. धंदा चांगला चालेल." पण तिकडे त्याला मुलाने कामाला हात लावू दिला नाही, असं कानावर आलं.

बायको गेली तेव्हा मी कोणाला कळवलं नव्हतं. बाराव्यानंतर चार-पाच दिवसांनी दुपारच्या एस.टी.ने तो उतरला. निम्मा झालेला, डोळ्यांना जाड भिंगं. कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाला, "कंडक्टर लोक आहेत ना."

अंगणात बसलो. बोलायला दोघांना नेहमी ती लागायची, टोमणा मारायला. मी चहा केला, तो वाईट झाला होता, त्याने सगळा प्यायला.

मग तो उठला आणि भिंतीला टेकवलेल्या सायकलजवळ गेला. सीटवर हात ठेवला, जोर दिला. म्हातारा हात, स्प्रिंग जरासुद्धा हलली नाही.

"आता तुला कडक लागत असेल," तो म्हणाला.

"लागतो."

"दोघांचा आहे तो." चकतीवर बोट ठेवून म्हणाला, "चकती सैल करतो. चार आटे. थोडं बरं वाटेल. नाहीतर नाशिकहून मऊ स्प्रिंग मागवू. एकट्याची."

त्याच्या सदऱ्याच्या खिशात पाना होता. मुलाने काम बंद केलेल्या माणसाने भिवंडीहून पाना आणला होता.

म्हटलं, "नको."

"हाडं मोडतील, खड्डेवाले."

"मोडू दे."

त्याने आणखी आग्रह केला नाही. पाना आत ठेवला, रुमाल काढला आणि खाली बसून स्प्रिंग पुसायला लागला. एकेक वेटोळं, आतून बाहेरून, कंदिलाची काच पुसतात तसं. लाल रंग कुठे कुठे राहिला होता, तो दिसायला लागला. मी शेजारी उभा होतो.

संध्याकाळच्या एस.टी.ला त्याला बसवून दिलं. तो मागच्या खिडकीत बसला. त्यानंतर आमची भेट नाही. गाडी सुटली, वळणाला लागली, आणि खिडकीतून त्याचा हात बाहेर आला, हातात रुमाल. मला वाटलं निरोप देतोय. मीही हात वर केला. पण तो रुमाल झटकत होता. धुळीचा एवढा लोट उडाला की मागच्या सीटवरची बाई त्याच्यावर ओरडलेली मला रस्त्यावर ऐकू आली.